खडवलीच्या पुलावरची हार

घोसाळकर हरले याचं कुणालाच नवल वाटलं नाही. तानाजी घोसाळकर हरायचेच, बारा महिने तेरा काळ हरायचे म्हणा ना. नवल वाटलं ते पुढचं. हरल्यावर उभं राहून बोलायची वेळ आली, तेव्हा एरवी फड गाजवणारा हा माणूस खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता आणि उठता उठत नव्हता.

आता हे हरणं-जिंकणं कसलं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल रमी. कळव्याला त्र्यंबक जोगळेकरांचा एक बंद पडलेला क्लास आहे. त्या खोलीत बाकं जोडून भलंमोठं टेबल केलंय. वर हिरवं कापड, थर्माकोलच्या टेकड्या आणि बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले शिपाई, शेकड्यांनी. नेपोलियनच्या काळातली लढाई लावायची. एकाने फ्रेंच घ्यायचे, दुसऱ्याने ऑस्ट्रियन. फासे टाकायचे, शिंप्याची टेप लावून पलटणी सरकवायच्या आणि दुपार कलेपर्यंत जेवणाखाणाची शुद्ध ठेवायची नाही. "घोडे झालेल्या माणसांची भातुकली," असं नंदा म्हणायची. नंदा म्हणजे घोसाळकरांची बायको. तिचं फारसं चूकही नव्हतं.

तिकडच्या गावांची नावं जोगळेकर सोडले तर कुणाच्या जिभेवर बसेनात. म्हणून टेबलावरच्या नदीला भातसा म्हणायचं ठरलं, पुलापलीकडच्या गावाला खडवली आणि त्याच्या पुढच्या गावाला वासिंद. ऑस्ट्रियाचे पांढऱ्या डगल्यातले शिपाई खडवलीत घुसले, असं इथे कुणी बोललं तर हसायचं नाही. जोगळेकर रागावतात. ते पंच.

त्यांचे नियम दोन. पहिला असा, की सेनापतीने आपल्या हाताने पलटण हलवायची नाही. पंचाच्या कानात हुकूम सांगायचा. मग पंच टेबलावर एक छोटा घोडेस्वार ठेवणार, तो पलटणीपाशी पोचला की हुकूम लागू. आणि हुकूम म्हणजे हुकूम. वेडावाकडा असला तरी शिपाई तो शब्दाला शब्द पाळणार. दुसरा नियम म्हणजे हरलेल्याने उभं राहून सगळी लढाई पहिल्यापासून सांगायची, जिंकलेल्याने तोंडातून ब्र काढायचा नाही. "जिंकणाऱ्याचं कौतुक जग करतंच की," जोगळेकर म्हणायचे, "आपण जरा हरणाऱ्याचं ऐकू."

आणि हे सांगणं ऐकावं तर घोसाळकरांचं! माणूस मूळचा संगमेश्वरचा. सगळी नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगांच्या कंपनीत शेड जुळवण्यात गेली. रिटायर झाल्यावर क्लबचे शिपाई रंगवायला म्हणून आले आणि तिथेच रुतले. खेळात डोकं यथातथाच. पण हरल्यावर उभे राहिले की मेलेला शिपाई जिवंत व्हायचा. कुठल्या टेकडीमागे कोण होतं, कुणी कुठल्या क्षणी कच खाल्ली, सगळं बैजवार. तीन-चार वर्षांपूर्वीच्या लढायासुद्धा त्यांना तोंडपाठ. मंडळी म्हणायची, "घोसाळकर, जिंकू नका हां कधी, आमचं करमणुकीचं नुकसान होईल."

त्या रविवारी मात्र त्यांना भीती वाटत होती. कारण साधं होतं. लढाईचा मधला भाग त्यांना आठवत नव्हता.

तशी ही भीती काही त्या दिवशी उपटलेली नव्हती. गेले काही महिने ती पायात घोटाळत होती. गॅसवर दूध ठेवून गॅलरीत जाणं, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणं, ही सगळ्यांचीच रडगाणी. वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण एकदा नेहमीच्या गल्लीच्या तोंडाशी उभे असताना उजवीकडे वळायचं की डावीकडे, हेच कळेना. कुणाला बोलले नाहीत. लेक ऐश्वर्या पुण्याला. तिला कळलं तर ती नंदाला घेऊन जाईल आणि आपल्याला डॉक्टरांच्या दारोदार फिरवेल, या धास्तीने तर मुळीच नाही. नंदाची नजर साखरेने गेलेली. सावल्या दिसायच्या तेवढंच. तिची सकाळ-संध्याकाळची इन्सुलिनची सुई घोसाळकर भरायचे आणि घोसाळकरच टोचायचे. त्या घरात दोन माणसं मिळून एक माणूस होता, असं म्हटलं तरी चालेल.

"काय हो काका, उठताय ना?" रसिका म्हणाली. जिंकलेली तीच. ठाण्याच्या कॉलेजात शिकवते, वयाने त्यांच्या लेकीएवढी.

"नाव तानाजी, आणि गडही गेला, सिंहही गेला!" मागून कुणीतरी टाकलाच टोमणा. हशा झाला. घोसाळकर उठले.

"तर मंडळी," ते म्हणाले, आणि आवाज जरा चिरका लागला. "सकाळी माझं सैन्य भातसेच्या अलीकडे होतं. उजव्या अंगाला तोफा, डाव्या अंगाला हंगेरियन घोडदळ, आणि मध्ये पुलाच्या तोंडाशी माझं राखीव दल. माझी सोन्यासारखी पोरं. प्रत्येकाच्या मिशा मी एका केसाच्या ब्रशने काढल्यात. रसिकाने पहिला मारा केला उजवीकडे. मला वाटलं, हूल आहे. हूलच होती."

जमतंय, त्यांना वाटलं.

"म्हणून मी राखीव दलाला हुकूम दिला. पुढे व्हा, समोरचं गाव घ्या. पोरं पूल ओलांडून गेली आणि खडवली घेतली. गाव हातात, पूल हातात. आता नुसतं बसून राहिलो असतो तरी लढाई माझी होती. विचारा जोगळेकरांना."

जोगळेकरांनी मान हलवली.

"आणि मग..." घोसाळकर थांबले. इथेच ते भगदाड होतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. खडवली ओस पडली होती आणि त्यांची सोन्यासारखी पोरं वासिंदच्या वाटेवर आडवी पडली होती. "मग माझं दल खडवली सोडून वासिंदकडे का निघालं, ते परमेश्वराला ठाऊक. समोर रसिकाच्या सगळ्या तोफा लागलेल्या. पोरं सरळ त्यांच्या तोंडात गेली. इकडे गाव मोकळं सापडलं म्हणून हिच्या घोडदळाने पुलाला कुलूप घातलं. संपलं. पण मी म्हणतो, त्यांना हलवलं कुणी? मी तर हुकूम दिला नव्हता. पंचांची काहीतरी गफलत झाली, असं माझं स्पष्ट मत आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

जोगळेकर हसले नाहीत. "तान्या, हुकूम तूच दिलास."

"दिला ना. खडवलीचा."

"तोच परत दिलास, चहा झाल्यावर. माझ्या कानाशी आलास आणि म्हणालास, राखीव दलाला सांग, पुढे व्हा, समोरचं गाव घ्या. ते खडवलीत बसलेले, म्हणजे त्यांच्या समोरचं गाव वासिंद. मी तुला विचारलंसुद्धा, अरे परत? तर तू म्हणालास, परत काय परत, पहिल्यांदाच सांगतोय. मला वाटलं, काहीतरी डाव असेल तुझा."

घोसाळकरांनी चहा आठवायचा प्रयत्न केला. आठवला. काचेचा ग्लास, तळाशी आलं. त्यानंतर जोगळेकरांच्या कानाशी जाणं? नाही. तिथे काहीच नव्हतं. झोप असती तर स्वप्न तरी असतं, तिथे तेही नव्हतं. दिलेला हुकूम ते विसरले होते आणि तोच पुन्हा देऊन आले होते, तेही शंभर टक्के खात्रीने.

आणि मग त्यांना सकाळ आठवली.

सकाळी नंदाला सुई दिली. अंगात नुसतं बनियन, खिडकीतून ऊन येत होतं, ती पलंगावर बसली होती. बरोबर. पण दुसरंही एक चित्र होतं. अंगात शर्ट, खांद्याला शिपायांची पिशवी, हातात भरलेली सुई, आणि नंदा स्वयंपाकघराच्या दारात. हे आजचं की कालचं? काल तर ते कुठे बाहेर गेलेच नव्हते. मग पिशवी कशी खांद्याला? म्हणजे दोन्ही आजची?

दोनदा दिली. साखर एकदम उतरली तर माणूस बोलता बोलता आडवा होतो, हे डॉक्टरांनी त्यांना बसवून सांगितलं होतं. आणि घरी ती एकटी होती.

"मला घरी जायचंय," ते म्हणाले. "रसिका, अगं मला घरी सोड. नंदाला मी... आत्ता, आत्ता सोड गं!"

रसिकाने लगेच पर्स उचलली. काय झालंय ते तिला गाडीत कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. घोसाळकर नंदाला फोन लावत होते. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. परत लावला. परत तेच.

"शेजारी कोण आहे?" रसिकाने विचारलं. "त्यांना सांगा ना बघायला."

"शेजारी..." घोसाळकरांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शेजारच्या बाई. किती वर्षांचा शेजार! गौरीला ओवशाचं सूप घेऊन यायच्या, नंदाला जिन्यावरून हात धरून उतरवायच्या. चेहरा समोर लख्ख, आणि नाव नाही. फोनमध्ये नंबर होता, पण शोधायचा कुठल्या नावाने? ते यादी वर-खाली करत राहिले. अक्षरं डोळ्यांपुढून मुंग्यांसारखी पळत होती.

"मग ऐश्वर्याला तरी लावा."

"नको! तिला काय सांगू? तुझ्या आईला मी मारलं, हे सांगू?" बोलले आणि स्वतःच दचकले. शब्द तोंडातून सुटल्यावर ते खरं वाटायला लागलं होतं.

मुंब्रा बायपासला कंटेनर एकामागे एक उभे. रसिका हॉर्न वाजवून वाजवून थकली. घोसाळकर खिडकीबाहेर बघत होते आणि मनात नको ते जुळत चाललं होतं. औषधवाला परवाच म्हणाला होता, काका, शिशी संपली एवढ्यात? त्या दिवशी ते त्याच्यावरच खेकसले होते. आता समजत होतं. शिशी लवकर संपते म्हणजे सुई जास्त भरली जाते. म्हणजे हे आजचं नाही. कधीपासून चाललंय? देवा रे, कधीपासून?

शिळफाट्याला सिग्नल लागला, रसिकाने इंजिन बंद केलं, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन लावला. आणि गाडीत कुठेतरी घुर्र घुर्र व्हायला लागलं.

"काका, तुमच्या पिशवीत काहीतरी वाजतंय."

घोसाळकरांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली. शिपायांच्या डब्याखाली, फडक्यात, नंदाचा फोन होता. पडद्यावर त्यांचंच नाव लुकलुकत होतं. सकाळी स्वतःचा समजून तोही उचलला होता. म्हणजे दिवसभर त्या बाईला हाक मारायलाही काही ठेवलं नव्हतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. घोसाळकर लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले आणि रसिकाने सिग्नल सुटायच्या आत गाडी काढली.

डोंबिवलीला बिल्डिंगच्या जिन्यात ते दोनदा ठेचकाळले. शेजारच्या दारावर पाटी होती, कल्पिता भोईर. हां, कल्पिता! दाराला टाळं होतं. ते आपल्या दाराकडे वळले आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. आतून काही नाही. त्यांनी कान लावला. "नंदा! अगं नंदा!"

रसिका बाजूला उभी होती. तिचाही चेहरा उतरला होता. आता दार फोडायला कुणाला बोलवावं या विचारात ती होती, तेवढ्यात आत कडी खुडबुडली.

"आले, आले! किती बडवताय, दार मोडायचंय का?" नंदा दारात उभी होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. "जरा डोळा लागला तर काय हा गोंधळ!"

घोसाळकर खाली बसले. उंबऱ्यावरच, चपलांच्या बाजूला. तिचा हात त्यांनी धरला तो गरम होता, थंडगार घाम नव्हता. "तू बरी आहेस? चक्कर? घाम? जेवलीस का?"

"बरी आहे हो. झालं काय तुम्हाला? आणि कोण आहे बरोबर?"

"मी रसिका, काकी. क्लबमधली."

"नंदा, ऐक." घोसाळकरांना धाप लागली होती. "मी सकाळी तुला सुई दोनदा दिली. मला वाटतं, दोनदा दिली. खरं सांग."

नंदाने चाचपडत दाराची चौकट धरली, मग हळूहळू त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. एवढ्या वर्षांत ती कधी उंबऱ्यावर बसली नव्हती, बसू देत नव्हती.

"दिली एकदाच," ती म्हणाली. "पण आलात तीनदा."

"तीनदा?"

"पहिल्यांदा आलात, मी घेतली. मग आंघोळ करून आलात, मी म्हटलं झाली. बरं म्हणालात, मोरीत ओतून टाकलीत. मग निघताना परत आलात पिशवी घेऊन. मी म्हटलं, झाली हो, जा आता, उशीर होतोय. रोजचंच आहे हे. आधी मला कळलं नाही. एकदा अर्धवट झोपेत होते, दोन्ही घेतल्या. त्या रात्री साखरेचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, तुम्ही घोरत होतात. तेव्हापासून मी जागी असते."

जे एकदा घडलं म्हणून घोसाळकर कळव्यापासून मरत आले होते, ते रोज घडत होतं आणि एक न दिसणारी बाई ते रोज अडवत होती.

"मला बोलली का नाहीस?" ते म्हणाले. भीतीपोटी आवाज चढला. "इतके दिवस! एका शब्दाने सांगायचंस तरी!"

"सांगितलं," नंदा म्हणाली.

"कधी?"

"गणपतीच्या आधी सांगितलं. तुम्ही असेच खाली बसलात. असेच रडलात. माझ्या गळ्याशपथ उद्या डॉक्टरकडे जातो म्हणालात. सकाळी उठलात आणि विचारलंत, आज नाश्त्याला काय? नवरात्रात परत सांगितलं. परत तेच. परवा दिवाळीत कंदील लावताना सांगितलं." तिने पदराने नाक पुसलं. "मग मी सांगणं सोडलं. दर वेळी तुम्ही पहिल्यांदाच घाबरता हो. माझ्याने बघवत नाही."

"आणि ऐश्वर्याला?"

"तिला सांगू नको, असं तिन्ही वेळा तुम्हीच म्हणालात. तुमचा शब्द मोडू कसा? आणि मलाही भीती वाटायची ना. ती मला पुण्याला नेईल आणि तुम्ही इथे एकटे."

रसिका जिन्याच्या कठड्याशी तोंड फिरवून उभी राहिली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही लागला होता.

घोसाळकर आठवू पाहत होते. कंदील आठवला, त्याच्या झिरमिळ्या आठवल्या. खाली बसून रडलेलं नाही आठवलं. आता बसलेल्या या उंबऱ्याचं, या हाताचं, या क्षणाचं काय होणार ते त्यांना दिसत होतं. उद्या सकाळी हे सगळं कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून घेतलेलं असणार आणि ते विचारणार, आज नाश्त्याला काय? कळव्याच्या खोलीत वाटली ती भीती याच्यापुढे काहीच नव्हती.

त्यांनी पिशवीतून नंदाचा फोन काढला, तिच्या हातात दिला, मग तिला दिसत नाही हे लक्षात येऊन परत घेतला आणि रसिकासमोर धरला.

"ऐश्वर्याला लाव."

"नक्की काका? जरा शांत व्हा, पाणी प्या, मग लावू."

"मग नाही गं पोरी, आत्ता! नंतर मी तुला म्हणेन, कशाला लावलास, आम्ही ठणठणीत आहोत. म्हटलं तरी ऐकू नकोस. नंदा, तूही ऐकू नकोस. माझा शब्द मोडला तरी चालेल. लाव लवकर, मला माहितीय तोवर."

रसिकाने नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून नंदाच्या मांडीवर ठेवला. रिंग जात होती. घोसाळकरांनी दोन्ही हातांनी नंदाचं मनगट धरून ठेवलं होतं आणि ते पुटपुटत होते, "उचल गं, उचल, उचल."

"हां आई, बोल," पुण्याहून आवाज आला.

नंदाने त्यांच्याकडे तोंड वळवलं, विचारावं तसं. घोसाळकरांनी जोरजोरात मान हलवली. मग ते तिला दिसलं नसेल म्हणून मोठ्याने म्हणाले, "सांग."